पुढं जुने, मागं नवे

नायलॉनचा टायर रात्रभर एका जागी उभा राहिला की तळाशी चपटा होतो. सकाळी गाडी काढली की पहिला कोसभर लंगडते. मग टायर तापतो, गोल होतो, आणि आपण लंगडत होतो हे गाडी विसरून जाते.

*

गाय निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर घेऊन उभी असते.

*

पुण्यातल्या माझ्या फ्लॅटमध्ये फ्रिज बंद पडला तेव्हा मला कळलं की तो इतकी वर्षं घुमत होता. दुरुस्तीवाला परवा येतो म्हणाला. मी म्हटलं, आजच या. आत फक्त दूध आणि अर्धी काकडी होती.

*

अप्पांनी अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, कधी नावानं हाक मारली नाही. ‘अगं’ म्हणायचे. घरात चार बायका असल्या तरी ओ तीच द्यायची.

*

उसाच्या गाडीतून जे हिरवे शेंडे रस्त्यावर सांडतात त्यांना आमच्याकडे वाडं म्हणतात. जनावरं आवडीनं खातात. चाकाखाली आलं तर शेवाळ बरं.

*

“गाडी रस्ता सोडते, अप्पा.”

“गाडी नाही सोडत. टायर सोडतात.”

“टायर गाडीलाच लावलेले असतात.”

“पायही म्हशीलाच लावलेले असतात. पाय सुजला म्हणून म्हैस विकतेस काय?”

माझे वडील जनावरांचे सरकारी डॉक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गडहिंग्लजमध्ये डॉ. हत्तरकी म्हटलं की अजून लोक म्हशीचंच दुखणं सांगायला लागत. त्यांची जुनी फियाट होती, फिकट हिरवी, गिअर स्टिअरिंगलाच असलेली. रोज सकाळी ते ती काढत, आजऱ्यापर्यंत जात आणि परत येत. आजऱ्याला काही काम नसे. का जाता असं मी कधी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी हवंच असतं, एवढंच मी समजून होते.

त्या थंडीत, ऊसतोड चालू असताना, गाडी एका वळणावर रस्ता सोडून सरळ उसात गेली. ऊस मोडला, अप्पा मोडले नाहीत. शेजाऱ्यांनी मला फोन केला. मी रजा टाकून पुण्याहून आले ती मनाशी ठरवूनच. फ्लॅटमधली दुसरी खोली रंगवून घेतली होती. खिडकीशी पलंग लावला होता, पडद्याचं कापड त्यांना आवडेल अशा करड्या रंगाचं आणलं होतं. माझं लग्न मोडून तेव्हा बराच काळ लोटला होता, आणि त्या घरात माझ्याशिवाय कुणी कूस बदललेलं मी ऐकलं नव्हतं. पण हे मी कुणाला सांगत नव्हते. मी सांगत होते ते अप्पांच्या जिवाचं.

“तुम्ही आता पुण्याला चला,” मी म्हणाले.

“आणि गाडी?”

“पुण्यात गाडी लावायला जागा नाही.”

ते खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “असं कर नंदू. नवे टायर घालू. मग तू गाडीत बसून बघ. तरी गाडी भरकटली, तर दोष माझ्या हातात. मी निमूट पुण्याला येतो. सरळ गेली, तर तू एकटी जायचीस. परत हा विषय काढायचा नाही.”

“कबूल?” मी विचारलं.

“हत्तरकींची जीभ आहे. कबूल.”

मीही कबूल झाले. आणि गाडी भरकटावी असं मला मनातून वाटत होतं.

पुढची दोन

दस्तगीर मुल्लांचं टायरचं दुकान स्टँडच्या मागं. दुकान म्हणजे पुढं पत्रा, आत टायरांचे ढीग, आणि बाहेर पाण्याचा हौद. त्यात ट्यूब बुडवून ते पंक्चर शोधत. अप्पांना बघून ते ओल्या हातांनीच उठले.

“या डॉक्टर! उसानं काय घोडं मारलं होतं तुमचं?”

“गप. टायर दाखव.”

दस्तगीरभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली. चारी टायर नायलॉनचे होते, झिजून मध्ये गुळगुळीत आणि कडेला खडबडीत. नायलॉनच्या टायरात दोऱ्यांचे थर तिरके, एकावर एक असतात. बाजू कडक होते. रस्त्यावर उसाच्या गाड्यांनी चाकोरी पाडली असली की टायर चाकोरीचं ऐकतो, ड्रायव्हरचं नाही. शिवाय हे टायर ओरडत. गाडीनं वेग घेतला की खालून एक लांबलचक ‘घूंऽऽ’ सुरू होई आणि थांबेपर्यंत सुटत नसे. मागच्या सीटवर बसणाऱ्याला पुढच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. म्हणून अप्पांच्या गाडीत कुणी बोलत नसे.

“आता रेडियल घाला,” दस्तगीरभाई म्हणाले. “गाडी दोरी धरल्यागत जाईल. आणि आवाज? आवाजच नाही. स्वतःचा श्वास ऐकू येईल तुम्हाला.”

“माझा श्वास मला कशाला ऐकायचाय? स्टेथोस्कोप आहे माझ्याकडं.”

“तो म्हशीचा!”

“तुलाही लावला असता मी. तू उभाच राहत नाहीस.”

गावात वाडं विकायला आलेला एक माणूस दुकानात पायावर पाय टाकून बसला होता, तोही हसला. मग अप्पांनी गाडीच्या नाकासमोर उभं राहून, बाजारात बैल बघावा तसं, पुढच्या चाकांकडं बघितलं.

“दोनच घाल. पुढं.”

“पुढं?”

“जनावर पुढच्या पायांवर उभं असतं. इंजिन पुढं, स्टिअरिंग पुढं. पुढचे पाय धड असले की मागचे आपसूक येतात.”

दस्तगीरभाईंनी मान डोलावली. “बरोबर हाय. बैल घेताना आमचा बापबी पुढचेच खूर बघायचा.”

वाडंवाला म्हणाला, “मागचं काय, शेपूटच की.”

मीही मान डोलावली. आमच्या गावात पुढच्या पायांबद्दल वाद घालणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

दोन नवे रेडियल पुढं चढले. मागं तेच नायलॉनचे.

मी मागच्या सीटवर बसले. पुढं, अप्पांच्या शेजारी, कुणीच बसत नसे. फियाटची पुढची सीट बाकासारखी अखंड होती, आणि तिच्या डाव्या भागाची स्प्रिंग गेली आहे असं अप्पा सगळ्यांना सांगत. पाहुणा असो, तलाठी असो, मागं बसायचं.

निघालो. जागच्या जागी वळवताना स्टिअरिंग जड झालं होतं, पण रस्त्याला लागल्यावर गाडीचं नाक कसं ताठ चाललं होतं! अप्पांनी आरशातून माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी खिडकीबाहेर बघितलं. मागून नायलॉनचा ‘घूंऽऽ’ चालूच होता.

कारखान्याकडं वळणारा फाटा ओलांडला, की रस्ता उजवीकडं वळतो. तिथं वाडं सांडलं होतं. अप्पांनी स्टिअरिंग वळवलं. नाक लगेच वळलं, फार चटकन वळलं. आणि मागचा भाग वळलाच नाही. तो आपला सरळ जायला निघाला. झाडं आडवी पळाली, मग रस्ताही आडवा झाला, आणि सगळं थांबलं तेव्हा गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. तोंड ज्या गावाहून आलो त्या गावाकडं होतं.

मागून येणारी उसाची बैलगाडी थांबली. गाडीवानानं कासरा ओढून खाली वाकून बघितलं.

“डॉक्टर, परत निघालासा व्हय?”

“हो,” अप्पा म्हणाले. “विसरलंय काहीतरी.”

बैलगाडी पुढं गेली. अप्पांनी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. ते त्यांनी एकमेकांखाली लपवले.

“अप्पा,” मी म्हणाले, “भरकटली की नाही?”

“पुढची नाही भरकटली.”

“अप्पा.”

“मागचे पाय राहिलेत ना! अर्धं औषध देऊन म्हैस बरी झाली नाही म्हणायचं, असं कुठं असतं? उद्या.”

आवाज करडा होता, पण ते मागं वळून माझ्याकडं बघत नव्हते. उद्याही हीच गत होईल असं मला वाटलं, आणि वाटल्याचं बरं वाटलं.

मागची दोन

दुसऱ्या दिवशी मागची दोनही रेडियल झाली. दस्तगीरभाईंनी जुने चार टायर ढिगावर टाकून दिले. अप्पांनी वळून त्यांच्याकडं एकदा बघितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो तेव्हा धुकं होतं. मी मागं, नेहमीच्या जागी. शाल अंगाभोवती घट्ट गुंडाळून मी खिडकीला डोकं टेकलं. गाडी फिरली होती ते वळण आलं. वाडं तिथंच होतं. अप्पांनी वेग थोडा कमी केला, गाडी झुकली आणि वळली. पुढचं आणि मागचं एकत्र, जसं एकाच जनावराचं वळावं तसं.

मग सरळ रस्ता लागला. अप्पांचा एकच हात स्टिअरिंगवर होता. चाकोऱ्या आल्या, गाडीनं त्यांना विचारलंही नाही.

मी हरले होते. करड्या पडद्याची खोली तशीच राहणार होती. मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटल्यावर मला ते लक्षात आलं.

आवाज नव्हता. खालून एक मऊ सरसर, ज्वारीच्या पानांतून कुणी चालत गेल्यासारखी. खड्डा आला की एकदा धप्प. बाकी काही नाही. घड्याळाची टिकटिक सुद्धा ऐकू येत होती. त्या गाडीत चालू घड्याळ आहे हे मला माहीतच नव्हतं.

आणि अप्पा बोलत होते.

आधी मला वाटलं, माझ्याशीच. मी ‘काय?’ म्हणणार होते.

“अगं, ते बघ,” अप्पा म्हणाले. हळू, कुणी शेजारी बसल्यावर बोलावं तसं. “चौगुल्यांनी विहिरीला कठडा घातला. इतक्या वर्षांनी. रेडकू पडलं तेव्हा नाही घातला.”

मग थांबले. दुसऱ्याचं बोलून व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबले.

“नाही, नाही. तो थोरला. धाकटा सुळकूडला असतो.”

मी डोळे उघडले नाहीत. श्वाससुद्धा जपून घेतला.

“नंदू मागं झोपलीय. बारीक झालीय. एकटी राहती, कोण करून घालणार? एकटीसाठी भाकरी थापायचा कंटाळा येतो.”

थांबले.

“मला न्यायला आलीय. पुण्यात गाडी लावायला जागा नाही म्हणती. मग तुझं काय?”

या वेळी ते फार वेळ थांबले. टायर सरसरत राहिले. घड्याळ टिकटिकत राहिलं. धुक्यातून एक बस आली, गेली. अप्पांनी मान डाव्या बाजूला किंचित वळवली, रिकाम्या सीटकडं, आणि तशीच धरून ठेवली.

“अगं?” ते म्हणाले.

माझ्या घशातून कसला तरी आवाज निघाला. मी तो खोकल्यात बदलला, पण उशीर झाला होता. आरशात अप्पांचे डोळे माझ्या डोळ्यांना भिडले. मग ते रस्त्याकडं गेले, आणि आजऱ्यापर्यंत तिथंच राहिले.

*

आजऱ्याला टपरीसमोर गाडी लावून अप्पा चहा आणायला उतरले. मी मागचं दार उघडून खाली उतरले, पुढचं डावं दार उघडलं आणि सीटवर तळवा दाबून बघितला. स्प्रिंग शाबूत होती. इतकी कडक, की तळवा वर ढकलला गेला. मी दार लावून टाकलं.

अप्पा दोन्ही हातांत ग्लास घेऊन आले. आम्ही गाडीला टेकून उभे राहिलो.

“कुठपासनं ऐकलंस?”

“विहिरीपासून.”

त्यांनी चहा फुंकला. प्यायला नाही.

“टायर चांगले आहेत,” ते म्हणाले.

“हो.”

“सरळ जाते गाडी.”

“जाते.”

“मग ठरल्याप्रमाणं तू एकटी.”

“हो, अप्पा.”

समोरून उसाचा ट्रॅक्टर गेला. त्याच्या टेपवर कसलं तरी गाणं लागलं होतं.

“जाता जाता दस्तगीरकडं थांबायचं,” अप्पा म्हणाले. “जुने टायर आहेत अजून त्याच्याकडं.”

“कशाला?”

“परत चढवू.”

“अप्पा, त्या टायरांवर तुम्ही उसात गेलात!”

“गेलो.”

“आणि पैज? भरकटली गाडी तर तुम्ही यायचं ठरलंय.”

“मग हरलो म्हण. पण ते टायर घाल.”

“माझ्यामुळं का? मी ऐकलं म्हणून? मी संध्याकाळी जाणारच आहे. मग गाडीत तुम्ही एकटेच. हवं तेवढं बोला, ऐकायला कोण आहे?”

अप्पा ग्लासाकडं बघत होते. चहावर साय धरली होती. ती त्यांनी बोटानं बाजूला केली.

“तसं नाही,” ते म्हणाले. “त्या टायरांचा आवाज असतो ना. त्यात ती बोलते, आणि मला नीट ऐकू येत नाही. मी म्हणतो, जाऊ दे, परत विचारू. असं चालतं रोज.”

ते थांबले. दुसऱ्याचं बोलून होईल एवढं.

“आज सगळं ऐकू येत होतं, नंदू. तुझा श्वास सुद्धा. आणि ती बोलतच नव्हती.”

त्यांनी तो थंड चहा एका घोटात पिऊन टाकला आणि ग्लास टपरीवर नेऊन ठेवला. पाठमोरे होते. त्यांचा स्वेटर मागून वर सरकला होता. सरळ करायला घरात कुणी नव्हतं, हे मला तेव्हा दिसलं.

त्या क्षणी मी त्यांना पुण्याला नेऊ शकत होते. त्यांनीच तोंडानं हरलो म्हटलं होतं, आणि हत्तरकींची जीभ होती. खिडकीशी पलंग होता. सकाळी कुणीतरी खोकलं असतं, नळ सोडला असता, पेपर कुठाय म्हणून विचारलं असतं. मी एवढंच म्हणायचं होतं: चला मग.

स्टेपनी

“काय?” दस्तगीरभाई म्हणाले. “काढू? काल तर चढवले!”

“सगळे नाही,” मी म्हणाले. “पुढचे दोन काढा. पुढं जुने घाला. मागं नवे राहू देत.”

“ताई, उलटं सांगताय. पुढचे पाय...”

“परवा उलटं केलं होतं आपण. मागचं धरून राहिलं नाही म्हणून गाडी फिरली. आता मागचं धरेल. नाक थोडं जड वळेल, वळू दे. हे हळू चालवतील.” मग मी अप्पांकडं वळले. “चालवाल ना हळू?”

अप्पा गाडीच्या पुढं उभे होते. परवा बैल बघावा तसे उभे होते, आज तसे नव्हते.

“आणि आवाज?” त्यांनी मला विचारलं. दस्तगीरभाईंना नाही.

“पुढच्यांचा येईल. तुमच्या जवळच आहेत ते.”

दस्तगीरभाईंनी एकदा माझ्याकडं, एकदा अप्पांकडं बघितलं. “मी आयुष्यभर टायर बदलतोय,” ते म्हणाले, “आवाज कमी करा म्हणणारी लई बघितली. आवाज घाला म्हणणारं हे पहिलंच घराणं.” आणि जॅक लावायला वाकले.

“तुझ्या दुकानाला हलगी लाव,” अप्पा म्हणाले. “मग बघ कशी रांग लागते.”

जुने टायर ढिगातून निघाले. त्यांच्यावर रात्रीतून धूळ बसली होती. ती दस्तगीरभाईंनी फडक्यानं पुसली, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

घराकडं येताना आम्ही मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. म्हणजे अप्पांनी घेतला. पहिल्यांदा गाडी थोडी लंगडली. मग टायर तापले आणि पुढून तो आवाज वर आला, फाटका, खरखरीत, एका सुरात. ‘घूंऽऽ.’ चाकोरी आली तसं स्टिअरिंग थोडं डावीकडं खेचलं, अप्पांनी ते परत आणलं. वळणावर नाक कुरकुरलं, शेपटी जागेवर राहिली. अप्पा खरंच हळू चालवत होते.

आरशात मला त्यांचं निम्मं तोंड दिसत होतं. ओठ हलले. थांबले. परत हलले. एकदा तर ते हसले, आणि मान हलवून काहीतरी नाकारलं. मी पुढं वाकून ऐकायचा प्रयत्न केला. एक अक्षर कळलं नाही.

मी मागं टेकून बसले. कूस बदलून खिडकीला डोकं लावलं, झोपल्यासारखं. संध्याकाळी मला पुण्याची एस.टी. पकडायची होती, आणि अप्पा स्टँडवर सोडायला येणार नव्हते; तसं ते मला आधीच म्हणाले होते.

ही गाडी अप्पांनी अव्वा गेल्यानंतरच्या दिवाळीत घेतली. अव्वा तिच्यात कधी बसली नाही.